नेट सारखं जातं आणि राउटर बंद-चालू केला की परत येतं? वॅन सेटिंग कुठून तपासायची ते बघा

वायफायचं चिन्ह फुल दाखवतंय पण एकही पान उघडत नाही, मग घरातलं कोणीतरी उठून राउटरचा प्लग काढतं, थोडं थांबून परत लावतं, नेट येतं आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. दुसऱ्या दिवशी परत तेच. असं महिनोन्महिने चालवून घेणारे खूप लोक आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा दोष वॅनच्या (म्हणजे राउटरच्या बाहेरच्या, इंटरनेटकडच्या बाजूच्या) पानावरच्या एखाद्या सेटिंगमध्ये असतो, जी दहा मिनिटांत सापडू शकते.

प्लग काढण्यात एक मोठं नुकसान आहे जे कोणी सांगत नाही. घरगुती राउटरपैकी बहुतेक राउटर आपला लॉग (घडामोडींची नोंद) रॅममध्ये ठेवतात, म्हणजे वीज गेली की लॉग पुसला. नेट का गेलं त्याची ओळ तिथे लिहिलेली होती आणि आपण ती वाचायच्या आधीच घालवली. त्यामुळे माझं पहिलं सांगणं हेच, की पुढच्या वेळी नेट गेलं की प्लगला हात लावू नका, आधी राउटरच्या पानावर लॉगिन करा. इंटरनेट नसलं तरी ते पान उघडतं, कारण ते राउटरच्या आतच असतं. पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा असतो, खात्री नसेल तर राउटरच्या खालचं स्टिकर बघा.

त्याआधी एक गोष्ट नक्की करून घ्या, प्रॉब्लेम वॅनचाच आहे ना. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, दोन कमांड विंडो उघडा, एकीतून राउटरच्या पत्त्याला पिंग (समोरून उत्तर येतं का ते विचारणारी कमांड) चालू ठेवा आणि दुसरीतून ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या बाहेरच्या सर्व्हरला. विंडोजमध्ये पिंगच्या मागे मायनस टी लावलं की आपण थांबवेपर्यंत ते चालू राहतं. नेट गेलं त्या क्षणी दोन्ही थांबले तर गडबड घरातच आहे, राउटर हँग झालाय किंवा लॅनची (घरातल्या बाजूची) केबल सैल आहे. राउटरचं पिंग चालू आणि बाहेरचं बंद, तर वॅन. दोन्ही व्यवस्थित चालू आणि फक्त मोबाईलवरच नेट अडकतंय, तर तो वायफायचा विषय आहे आणि वॅनच्या सेटिंग कितीही बदलल्या तरी काही होणार नाही.

आता स्टेटसचं पान. इथे लोक फक्त कनेक्टेड की डिसकनेक्टेड एवढंच बघतात, पण सगळ्यात कामाचे दोन आकडे वेगळेच आहेत, सिस्टिम अपटाईम आणि वॅन अपटाईम. काही राउटरमध्ये दुसऱ्याला कनेक्शन टाईम किंवा ऑनलाईन ड्युरेशन म्हणतात. समजा नेट आत्ता पाच मिनिटांपूर्वी परत आलं आणि सिस्टिम अपटाईम नऊ दिवस दाखवतोय पण वॅन अपटाईम पाच मिनिटं, म्हणजे राउटर ठणठणीत आहे, फक्त बाहेरचं कनेक्शन तुटून परत जोडलं गेलं. पण दोन्ही पाच मिनिटंच दाखवत असतील तर राउटर स्वतःच रिस्टार्ट झालाय, आणि मग वॅनच्या सेटिंगमध्ये डोकं घालायचं कारण नाही, आधी अडॅप्टर बघा. अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर राउटरच्या स्टिकरशी जुळतात का, पिन सैल आहे का, राउटर बंद कपाटात किंवा सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर तापत पडलाय का. बारा व्होल्टच्या राउटरला नऊ व्होल्टचा अडॅप्टर लावलेला असतो आणि तो चालतोही, मग लोड वाढला की मान टाकतो.

लॉगिन केलेलंच आहे तर वेळेची सेटिंगही करून टाका, टाईम झोन आणि एनटीपी (इंटरनेटवरून वेळ घ्यायची सोय). ती नसेल तर कित्येक राउटर रिस्टार्टनंतर १ जानेवारी १९७० पासून मोजायला लागतात आणि लॉगमधली वेळ बघून काहीच जुळवता येत नाही. छोटी गोष्ट आहे पण नंतर प्रोव्हायडरशी बोलताना नेमकी हीच लागते.

वॅनचा आयपी काय दिसतो त्यावरून अर्धं निदान होतं. ०.०.०.० असेल तर राउटरला बाहेरून पत्ताच मिळालेला नाही. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा असेल तर तुमच्या राउटरच्या पुढे अजून एक राउटर बसलाय, बहुधा फायबरचा ओएनटी (फायबरची वायर ज्यात येते तो डबा) जो स्वतःच राउटर मोडमध्ये आहे, किंवा प्रोव्हायडरच आपल्या नेटवर्कमधला खासगी पत्ता देतोय. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत असेल तर प्रोव्हायडरने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय, त्याने कॅमेरा बाहेरून बघणं किंवा पोर्ट फॉरवर्डिंग चालणार नाही, पण नेट तुटण्याचं कारण ते नाही, उगीच त्यात वेळ घालवू नका.

ओएनटी राउटर मोडमध्ये असेल तर एक भांडण फार कॉमन आहे. ओएनटीचा लॅन पत्ता १९२.१६८.१.१ आणि तुमच्या राउटरचाही १९२.१६८.१.१. वॅनला आणि लॅनला एकच नेटवर्क मिळाल्यावर राउटरला कळतच नाही पॅकेट कुठल्या बाजूला टाकायचं. काही राउटर स्वतःहून लॅन बदलतात, काही नुसते गप्प बसतात. तुमच्या राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.५०.१ असा काहीतरी वेगळा करा, विषय संपला.

आता मुख्य सेटिंग, कनेक्शनचा प्रकार. डायनॅमिक आयपी (पत्ता आपोआप मिळतो), स्टॅटिक आयपी (ठरलेला पत्ता हाताने भरायचा) आणि पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लॉगिन करून जोडायचं). यातला कुठला हे आपण ठरवायचं नसतं, समोरच्या टोकाला जे आहे तेच इकडे लागतं, आणि अंदाजाने तिन्ही लावून बघत बसलात तर मूळ सेटिंग हरवून बसाल. म्हणून काहीही बदलायच्या आधी बॅकअपचा पर्याय शोधून कॉन्फिगची फाईल कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि वॅनच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. आणि पीपीपीओईचा पासवर्ड हातात नसेल तर मागचं रिसेटचं भोक कृपया दाबू नका. तिथे पासवर्ड नुसता ठिपक्यांमध्ये दिसतो, रिसेट केलं की तो गेला, आणि मग कस्टमर केअरकडून परत मिळेपर्यंत घरात नेट नाही.

पीपीपीओईबद्दल जरा सविस्तर, कारण सारखं तुटण्याच्या तक्रारी यातच जास्त दिसतात. यात राउटर आधी ओरडतो की कोणी सर्व्हर आहे का, सर्व्हर उत्तर देतो, मग सेशन ठरतं, आणि त्यानंतर युजरनेम-पासवर्ड तपासला जातो. हा क्रम लक्षात ठेवला तर लॉगमधली ओळ लगेच कळते. टाईमआउट वेटिंग फॉर पीएडीओ पॅकेट्स असं काही दिसलं तर पहिल्या हाकेलाच उत्तर आलेलं नाही, म्हणजे पासवर्ड तपासायची वेळच आलेली नाही, तो दहा वेळा परत टाईप करून फायदा शून्य. इथे केबल, ओएनटी, ब्रिज मोड (ओएनटी स्वतः राउटरचं काम न करता सगळं नुसतं पुढे पाठवतो) आणि व्हीलॅन (प्रोव्हायडर त्या लाईनवर वापरतो तो क्रमांक) बघायचं. उलट ऑथेंटिकेशन फेल्ड दिसलं तर लाईन चांगली आहे, समोरचा बोलतोय, तो फक्त तुम्हाला आत घेत नाहीये.

ऑथेंटिकेशन फेल्डची कारणं नेहमी चुकीचा पासवर्डच असतं असं नाही. रिचार्ज किंवा बिलाची मुदत संपली, युजरनेमच्या मागे ॲट लावून डोमेन लिहायचं असतं ते राहिलं, कॉपी-पेस्ट करताना शेवटी एक स्पेस आली, किंवा जुनं सेशन अडकलंय. हे शेवटचं नीट समजून घ्या. तुम्ही प्लग उपटला तेव्हा राउटरने सर्व्हरला निरोप दिलाच नाही, सर्व्हरच्या हिशोबात तुम्ही अजून लॉगिन आहात, आणि एका युजरनेमवर एकच लॉगिन चालत असेल तर तो नवीन लॉगिन नाकारतो. काही मिनिटांनी सर्व्हर स्वतःच जुनं सेशन काढून टाकतो आणि नेट येतं, पण तोपर्यंत आपण तीन वेळा प्लग काढलेला असतो आणि आपल्याला वाटतं तिसऱ्या वेळी लागू पडलं. सेशन तोडायचंच असेल तर राउटरच्या पानावरचं डिसकनेक्ट बटण दाबा, मिनिटभर थांबा, मग कनेक्ट. त्याने निरोप जातो आणि जुनं सेशन लगेच मोकळं होतं.

अजून एक, आणि हे सापडायला फार त्रास देतं. एकच युजरनेम दोन ठिकाणी भरलेलं असणं. फायबर बसवताना ओएनटीमध्येच पीपीपीओई भरून दिलं जातं, नंतर आपण चांगला राउटर आणतो आणि त्यातही तेच युजरनेम भरतो. ओएनटीमधलं जुनं प्रोफाईल काढलेलं नसेल आणि तो आपल्या राउटरची हाकही पुढे जाऊ देत असेल, तर दोघं एकाच नावाने डायल करत राहतात आणि सर्व्हरची पद्धत जुन्याला काढून नव्याला घ्यायची असेल तर दोघं आळीपाळीने एकमेकांना बाहेर काढतात. लक्षण असं की नेट दर काही मिनिटांनी जातं-येतं आणि लॉगमध्ये एलसीपी टर्मिनेटेड बाय पीअर अशी ओळ परत परत दिसते, म्हणजे समोरच्याने तोडलं. उपाय एकच, डायल करणारा एकच ठेवा. ओएनटी पूर्ण ब्रिज मोडमध्ये आणि पीपीपीओई राउटरमध्ये, किंवा पीपीपीओई ओएनटीमध्ये आणि राउटर डायनॅमिक आयपीवर. जुन्या कॉम्प्युटरमध्ये पूर्वी केलेलं ब्रॉडबँड डायलचं आयकॉन असेल तर तेही काढा.

लॉगमध्ये नो रिस्पॉन्स टू इको रिक्वेस्ट्स असं दिसत असेल तर राउटर मधूनमधून विचारतोय, आहेस का, आणि समोरून लागोपाठ उत्तर आलेलं नाही म्हणून त्याने स्वतः कनेक्शन पाडलं. हा लाईनचा दोष. ओएनटीवरचा एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा त्याच वेळी लुकलुकतो का बघा, तसं असेल तर फायबरमध्ये गडबड आहे, वायर कुठे जास्त वाकली आहे का तेवढं बघा आणि बाकी प्रोव्हायडरवर सोडा. फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

पीपीपीओईच्या पानावर खाली कनेक्शन मोड असतो आणि त्याकडे कोणी बघतच नाही. ऑटो, ऑन डिमांड, मॅन्युअल. ऑन डिमांड असेल आणि शेजारी आयडल टाईम पंधरा मिनिटं असेल, तर पंधरा मिनिटं कोणी नेट वापरलं नाही की राउटर आपणहून कनेक्शन सोडून देतो. हे तासावर बिल व्हायचं त्या काळातलं आहे, आता त्याची गरज नाही. मॅन्युअल असेल तर त्याहून वाईट, कारण काही प्रोव्हायडर ठराविक तासांनी सेशन तोडतात, ऑटोमध्ये ते काही सेकंदांत परत जोडलं जातं आणि कोणाला कळतही नाही, मॅन्युअलमध्ये मात्र तुम्ही बटण दाबेपर्यंत नेट बंद. ऑटो किंवा ऑलवेज ऑन करा. सर्व्हिस नेम आणि एसी नेम हे रकाने प्रोव्हायडरने सांगितलं नसेल तर कोरेच ठेवा, तिथे कंपनीचं नाव भरलं तर कनेक्शनच न लागण्याची शक्यता असते.

व्हीलॅन आयडी हा आकडा १ ते ४०९४ मधला काहीही असू शकतो आणि तो अंदाजाने सापडत नाही, विचारूनच घ्यावा लागतो. जुना राउटर चालत होता आणि नवीन चालत नाही, पासवर्ड तोच आहे, लॉगमध्ये पीएडीओ टाईमआउट आहे, तर जुन्या राउटरच्या वॅन किंवा आयपीटीव्हीच्या पानावर व्हीलॅनचा आकडा दिसतो का ते आधी बघा.

खात्री करायला अजून एक मार्ग आहे, ओएनटी ब्रिजमध्ये असेल आणि व्हीलॅनची भानगड नसेल तर राउटर बाजूला ठेवून विंडोजमधून थेट पीपीपीओई डायल करून बघा. ६५१ एरर आली तर समोरून उत्तर नाही, ६९१ आली तर लॉगिन नाकारलं, आणि सरळ लागलं तर दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये. टेस्ट झाली की हे डायलचं कनेक्शन काढायला विसरू नका, नाहीतर वर सांगितलेलं भांडण सुरू.

डायनॅमिक आयपीवाल्यांचं दुखणं वेगळं. तिथे पत्ता लीजवर, म्हणजे ठराविक मुदतीसाठी मिळतो. अर्धी लीज झाली की राउटर मुदतवाढ मागतो, नाही मिळाली तर साडेसत्त्याऐंशी टक्के झाल्यावर परत मागतो, तरी नाही तर लीज संपली की पत्ता सोडतो. त्यामुळे रिस्टार्ट केल्यापासून बरोबर तेवढ्याच वेळाने नेट जात असेल, म्हणजे आज सहा तासांनी, उद्याही सहा तासांनी, तर लीजवर संशय घ्या. स्टेटसमध्ये लीज टाईम दिसतो, तो जुळतो का बघा. जुळला तर राउटरचं फर्मवेअर अपडेट करा, आणि सेटिंगमध्ये डीएचसीपीच्या (पत्ता आपोआप देण्याच्या पद्धतीच्या) युनिकास्टचा पर्याय असेल तर तो एकदा उलटा करून बघा.

नवीन राउटर लावल्यावर आयपीच मिळत नसेल तर मॅक बाइंडिंग. प्रोव्हायडरकडे जुन्या राउटरचा मॅक (प्रत्येक उपकरणाचा ओळख क्रमांक) नोंदलेला असतो. फोन करून बदलून घ्या किंवा मॅक क्लोन करा (जुना मॅक नव्या राउटरमध्ये भरा), पण क्लोन करताना दोन गोष्टी सांभाळा. जुन्या राउटरचा वॅनचा मॅक लागतो, लॅनचा किंवा वायफायचा नाही, स्टिकरवर बऱ्याचदा एकच छापलेला असतो आणि वॅनचा त्याच्यापेक्षा शेवटच्या आकड्यात एकाने वेगळा असतो, म्हणून तो जुन्या राउटरच्या स्टेटस पानावरूनच घ्या. दुसरं, मोबाईलवरून लॉगिन करून क्लोनचं बटण दाबलं तर त्या मोबाईलचा मॅक उचलला जातो, आणि हल्लीचे मोबाईल वायफायला खरा मॅक देतच नाहीत, बनावट देतात. मग तो बनावट पत्ता वॅनला बसतो आणि प्रोव्हायडर ओळखत नाही.

स्टॅटिकबद्दल थोडक्यात. प्रोव्हायडरने लेखी दिलेला पत्ता, मास्क, गेटवे आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर) असेल तरच स्टॅटिक लावा. डायनॅमिकमध्ये मिळालेला पत्ता बघून तोच स्टॅटिकमध्ये भरून ठेवणारे लोक आहेत, काही दिवस चालतं, मग तोच पत्ता दुसऱ्या कोणाला दिला जातो आणि दोघांचंही नेट तुटायला लागतं. मास्क २५५.२५५.२५५.२५२ असेल तर त्या नेटवर्कमध्ये दोनच पत्ते वापरता येतात, एक गेटवेचा आणि एक तुमचा, त्यामुळे शेवटचा आकडा एकाने जरी चुकला तरी काही चालणार नाही.

आता ते त्रासदायक प्रकरण, नेट आहे पण अर्धवट. काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात, चॅट जातं पण फोटो अपलोड होत नाही, ऑफिसचं व्हीपीएन जोडलं जातं पण फाईल उघडत नाही, पिंग एकदम छान. अशा वेळी एमटीयू (एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार) बघायचा. इथरनेटची मर्यादा १५०० बाइटची, त्यातले ८ पीपीपीओई घेतं, म्हणून पीपीपीओईवर एमटीयू १४९२. तिथे १५०० भरलेलं असेल आणि मधल्या लाईनला ते झेपत नसेल तर मोठी पॅकेट वाटेतच पडतात, आणि मोठं आहे, कमी कर हा निरोप मध्येच कुठल्यातरी फायरवॉलने अडवला तर पाठवणाऱ्याला कळतही नाही. तपासायला विंडोजमध्ये पिंगला मायनस एफ आणि मायनस एल लावून १४६४ आकडा द्या. त्यात २८ बाइट हेडरचे मिळवले की १४९२ होतात. उत्तर आलं तर १४९२ बरोबर आहे. फ्रॅगमेंट करावं लागेल असा मेसेज आला किंवा उत्तरच आलं नाही तर आकडा कमी करत जा, जिथे उत्तर यायला लागेल त्यात २८ मिळवा, तो तुमचा एमटीयू. एमएसएसचा वेगळा रकाना असेल तर तिथे एमटीयूतून ४० वजा करून भरा, म्हणजे १४९२ ला १४५२, किंवा ऑटोवर ठेवा. उगीच १४०० वगैरे टाकून ठेवू नका, त्याने काम चालतं पण प्रत्येक पॅकेटला जागा फुकट जाते.

८.८.८.८ ला पिंग जातं पण नावाने एकही साइट उघडत नाही, तर डीएनएस. वॅनच्या पानावर डीएनएस मॅन्युअल करून ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरून बघा. चाललं तर प्रोव्हायडरचा डीएनएस अडकत होता. आयपीव्ही ६ चालू असेल आणि काही ठराविक साइट उघडायला विचित्र उशीर लागत असेल तर ते तात्पुरतं बंद करून फरक पडतो का बघा, पडला तर प्रोव्हायडरला सांगा, कायमचं बंद ठेवणं हा उपाय नाही.

केबलला कोणी दोष देत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. वॅन पोर्ट १०० एमबीपीएसवर जोडला गेलाय आणि दोन्ही टोकं गिगाबिटची आहेत, तर बहुधा आठ तारांपैकी एखादी गेली आहे. शंभरला चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही, त्यामुळे केबल वरून चांगली दिसते आणि लिंक मात्र कधी हजार कधी शंभर करत उड्या मारते, आणि प्रत्येक उडीला वॅन तुटतं. लॉगमध्ये वॅन लिंक डाऊन, लिंक अप अशा जोड्या दिसतील. प्लगची प्लॅस्टिकची जीभ तुटली असेल तरी हेच होतं. केबल बदला. स्पीड आणि डुप्लेक्स मात्र ऑटोवरच राहू द्या, एका टोकाला १०० फुल असं बांधून ठेवलं आणि दुसरं ऑटोवर असलं तर दुसरं हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने) जातं आणि लोड आला की पॅकेट गळायला लागतात.

काहीही बदललात तरी एका वेळी एकच बदल, आणि नेट नेहमी जितक्या वेळात जातं त्याच्या दुप्पट वेळ तरी थांबून मग ठरवा.

इतकं करूनही जात असेल तर तक्रार करा, पण नेट सारखं जातं एवढंच सांगू नका, समोरचा तुम्हाला राउटर रिस्टार्ट करायलाच सांगणार. लॉग कॉपी करून ठेवा आणि सरळ सांगा की अमुक तारखेला या या वेळी वॅन तुटलं, राउटर रिस्टार्ट झालेला नाही, सिस्टिम अपटाईम इतका आहे, केबल बदलली आहे, आणि लॉगमध्ये ही ओळ आहे. टर्मिनेटेड बाय पीअर असेल तर माझ्या युजरनेमवर त्या वेळी दुसरं लॉगिन झालं होतं का ते तुमच्या सर्व्हरवर बघा असं विचारा, इकोला उत्तर नसेल तर ओएनटीला मिळणारी ऑप्टिकल पॉवर तपासायला सांगा. असा ठराविक प्रश्न विचारला की तक्रार फोनवाल्याकडून पुढे लाईन बघणाऱ्या माणसापर्यंत पोचण्याची शक्यता खूप वाढते, आणि तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.